एका पारड्याचा पैसा

माझ्या पत्र्याच्या डब्यात कंपनीचे दोन पैसे आहेत,
दोन्ही तांब्याचे, दोन्ही मुंबईच्या टांकसाळीतले.
एकावर तराजू, दोन पारडी अगदी सरळ रेषेत,
मध्ये फारसीत लिहिलंय: अदल.
कडेवरून अंगठा फिरवला तर कुठेच अडत नाही.
गिऱ्हाईक भिंग लावतं, म्हणतं, वा.
मी सहाशे सांगतो, साडेचारशेला देतो.

दुसऱ्याचं कोणी विचारत नाही.
गुळाच्या खड्यासारखा जाड, एका बाजूला दबलेला.
ठसा सरकलाय. उजवं पारडं नाण्याच्या बाहेर पडलंय,
आणि फारसी उजवीकडून सुरू होते,
म्हणून न्यायाचं पहिलं अक्षरही गेलं.
हा खरं तर तांबाकाट्याला जायचा, किलोच्या भावाने.
अजून दिलेला नाही.

ज्याने तो पाडला त्याचं नाव मला कुठे सापडलं नाही.
मी त्याला लाडकोजी म्हणतो.
तांबट असावा. उजवा खांदा डाव्याहून दोन बोटं मोठा.
खालचा ठसा ओंडक्यात रोवलेला, वरचा मुठीत,
मध्ये तापलेली चकती,
आणि घण.
एक घण, एक पैसा.
कोळणीच्या कमरेच्या पिशवीतून सुटे निघाले
की तो लांबूनच ओळखायचा:
हा माझा. हा हिरूचा, तो नेहमी वरच्या अंगाला मारतो.
हा मी पाडला तेव्हा पोरगं तापाने फणफणलं होतं.

मग बोटीतून पेट्या उतरल्या.
धुराडं, बॉयलर, पितळी चाकं, तेलाचा वास.
वाफेला खांदा नसतो.
वाफेच्या घरी कुणाला ताप येत नाही.
लाडकोजीचं आठ दिवसांचं काम
तिने दुपारच्या भाकरीआधी ओतून टाकलं.

इथे मी त्याच्या बाजूने रडायला हवं.
पण खरं सांगतो, मीही धंद्यातला माणूस,
कोळीण खूश झाली असणार.
आधी प्रत्येक पैशावर बट्टा:
हा झिजला, हा हलका, हा घाटावरचा, हा इथे चालत नाही.
आता एक म्हणजे एक.
त्रिकमदास सराफ पैसा दगडावर वाजवून
कान लावायचा, ते सुटलं,
लोडाला टेकून जांभया देत बसला.

लाडकोजीला कोणी हाकललं नाही.
फरदूनजी मेस्तरीने त्याला खिडकीपाशी पाटावर बसवलं,
समोर नव्या पैशांचा ढीग. काम सोपं:
वाकडे वेचून काढायचे.
ठसा सरकलेले, कड चेपलेले, अक्षर बुजलेले,
परत भट्टीत.
हजारात तीन निघायचे, कधी चार.
त्याची नजर सगळ्यांत पक्की निघाली.
निघणारच.

संध्याकाळी दारावर झडती. पागोटं सोड, तोंड उघड.
त्याने कधी काही नेलं नाही.
फक्त एकदा, मला वाटतं,
एक सरकलेला पैसा तळहातावर घेऊन
तो जरा जास्तच वेळ थांबला
आणि मेस्तरी ओरडला, अरे, काय वाचतोस त्यात?

काल कॉलेजातला एक पोरगा आला.
चांगला पैसा पाहून खाली ठेवला,
दुसरा उचलून म्हणाला, काका, छापा-काटा करू?
उडवला.
खणखणला नाही. ढब्ब वाजला
आणि फुटपाथवर पडला तिथेच बसला, घरंगळणं त्याला ठाऊक नाही.
काटा, तो म्हणाला. मग वाकून,
पण अर्धाच आहे.
उरलेला ठशात राहिला, मी म्हटलं.
आणि ठसा कुठाय?

मी डबा आवरायला घेतला.
कोपऱ्यावरून कुणीतरी शीळ घातली होती,
पालिकेची गाडी येत होती.